हवेतली वीस मिनिटे




पुणे–शिर्डी विमान सुरू झाल्यास प्रवास वीस मिनिटांवर येईल, हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून शिर्डीच्या काकडी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १३० किलोमीटर. बराचसा वेळ चढण्या-उतरण्यातच जाणार. शिवाय चेक-इन साधारण तासभर आधीच बंद होते. आम्ही पारनेरकरांनी सुपा, शिरूर, वाघोलीची कोंडी पार करून लोहगाव गाठायचे आणि आपल्याच तालुक्याच्या शिवेजवळून उडत पुन्हा उत्तरेला यायचे? तेवढ्या वेळात एसटीने भाळवणी, नगर, राहुरी करत शिर्डी येते! काकडीहून २०१७पासून हैदराबादसारख्या दूरच्या शहरांना विमाने गेली, ती हवीतच. मागणी करायचीच तर विमानांच्या वेळा धरून पारनेर–काकडी थेट एसटीची करावी.

— एक वाचक, पारनेर