आकडा घरात सांगा

मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास बेळगावच्या उद्यमबागेत चहाच्या गाड्यापाशी थांबलं की दोन-तीन पोरं हमखास दिसतात. चहा गार होत असतो आणि नजर मोबाईलवर खिळलेली असते. मंगळवार हा निफ्टीच्या साप्ताहिक एक्स्पायरीचा, म्हणजे त्या आठवड्याचे ऑप्शन संपण्याचा दिवस. साडेतीनला बाजार बंद होईपर्यंत बारा रुपयांचा कॉल ऑप्शन चाळीसवर जाईल, नाहीतर शून्यावर येईल. लॉटमागे हजाराच्या आत पैसे लागतात, त्यामुळे फौंड्रीत शिफ्ट करणाऱ्यालाही हे परवडेल असं वाटतं. पोरं याला 'हिरो-झिरो' म्हणतात. गुरुवारी सेन्सेक्सची एक्स्पायरी, की पुन्हा तेच.

हे लोण आता मुंबई-पुण्यापुरतं राहिलेलं नाही. बाजार नियामक सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात वायदे आणि ऑप्शनमधले ७२ टक्क्यांहून जास्त वैयक्तिक ट्रेडर देशातल्या पहिल्या तीस शहरांच्या बाहेरचे निघाले. ४३ टक्के जण तिशीच्या आतले होते. आपली निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर त्यातच आली.

पिग्मी, भिशी आणि सोसायटीच्या कर्जावरच्या या सदराच्या वाचकांकडून हल्ली वेगळेच प्रश्न येतात. झोप लागत नाही, जेवणावर लक्ष नाही, घरी चिडचिड होते. ट्रेडिंगचा ताण कसा हाताळावा? ध्यान करू का, पहाटे फिरायला जाऊ का? फिरायला जरूर जा. पण ताणाचं मूळ मनात शोधू नका, ते त्या व्यवहारात आहे.

दिवसाचं गणित बघा. सकाळी साडेसहाला गिफ्ट निफ्टी हा निफ्टीचा वायदा सुरू होतो, सव्वानऊला शेअर बाजार उघडतो. साडेतीनला तो मिटला तरी एमसीएक्स हा कमोडिटी बाजार रात्री साडेअकरापर्यंत तरी चालू असतो, म्हणून सकाळचा तोटा भरून काढायला संध्याकाळी क्रूड किंवा चांदी. हुपरी शेजारी असल्यामुळे निपाणीकडे चांदीची चर्चा तशीही असतेच. पण ज्याच्या दुकानात चांदीचा माल पडून आहे, तो भाव पडण्याच्या भीतीनं वायदा विकतो तेव्हा स्वतःची जोखीम कमी करत असतो. ज्याच्या घरी देवाच्या निरांजनापलीकडे चांदी नाही, तो तोच वायदा घेतो तेव्हा नसलेली जोखीम विकत आणतो. मग पहिली शिफ्ट, रात्रीचा भाव आणि पहाटेचा गिफ्ट निफ्टी यांत झोपायला वेळ कुठला उरणार?

खर्चाचाही हिशेब कुणी मांडत नाही. बऱ्याच ॲपवर एका ऑर्डरला वीस रुपये दलाली लागते. घेतला आणि विकला म्हणजे चाळीस, अठरा टक्के जीएसटीसह सत्तेचाळीस. 'रिकव्हरी' करायला बसलेला माणूस दिवसाला दहा सौदे सहज करतो, म्हणजे ४७० रुपये गेले. महिन्याचे वीस दिवस धरले तर ९,४०० रुपये. यात एसटीटी, एक्स्चेंजचे आकार आणि प्रत्यक्ष तोटा धरलेलाच नाही. सेबीच्या हिशेबानं २०२३-२४ मध्ये माणशी सरासरी २६ हजार रुपये नुसत्या खर्चात गेले.

आता तोटा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास बुडाले. २०२४-२५ या एका वर्षात अशा ट्रेडरांचा एकूण निव्वळ तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर गेला. सरावानं जमेल म्हणावं, तर ब्राझीलमधल्या संशोधकांनी तीनशेहून जास्त दिवस चिकाटीनं डे ट्रेडिंग करणाऱ्यांचा माग काढला आहे. त्यांतले ९७ टक्के तोट्यातच होते.

समोर कोण बसलंय हेही लक्षात घ्या. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्था आणि स्वतःच्या पैशानं ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्या यांनी ऑप्शन-वायद्यांतून जो नफा कमावला, त्यातला जवळपास सगळा संगणकी अल्गोरिदमनं कमावलेला होता. जुलै २०२५ मध्ये सेबीनं अमेरिकेच्या जेन स्ट्रीट या ट्रेडिंग कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. एक्स्पायरीच्या दिवशी बँक निफ्टी हवा तसा हलवल्याचा आरोप त्यात आहे, आणि ४,८४३ कोटी रुपये अडकवून ठेवायला सांगितलं गेलं. चहाच्या गाड्यापाशी उभा असलेला आपला पोरगा या बाजारात उतरलेला आहे.

म्हणून मला क्लासवाल्यांचा राग येतो. ट्रेडिंग म्हणजे सगळी सायकॉलॉजी, हे वाक्य बहुतेक क्लासमध्ये ऐकवतात. म्हणजे तोटा झाला तर दोष तुझ्या शिस्तीचा, तुझ्या भीतीचा, तुझ्या लोभाचा. पुढच्या लेव्हलचा कोर्स कर. पैसे गेलेल्या माणसाची लायकीही काढून घेण्याचा हा धंदा आहे. आपल्या भागातून कर्ज काढून पुण्या-मुंबईच्या क्लासची फी भरलेली पोरं आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये सेबीनं अवधूत साठे यांच्या ट्रेडिंग अकादमीविरुद्ध अंतरिम आदेश काढून सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करायला सांगितलं. नोंदणी नसताना शिकवण्याच्या नावाखाली सल्ला दिल्याचा ठपका त्यात आहे. अंतिम निकाल काय लागायचा तो लागेल, पण माणसं शिकण्यासाठी किती पैसा ओतत होती हे त्या रकमेवरून कळतं.

भावाच्या अनिश्चिततेचा ताण या मातीला नवा नाही. निपाणीच्या तंबाखू उत्पादकानं वर्षाचं पीक व्यापाऱ्याच्या वखारीत टाकायचं, भाव तो सांगेल तो, आणि पैसे तो देईल तेव्हा. घरात लग्न ठरलेलं, सोसायटीचा हप्ता थकलेला. १९८१ मध्ये हे शेतकरी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ हलले नाहीत. ६ एप्रिलला गोळीबार झाला, माणसं मेली. त्या पिढीनं सोसलं ते कमी नव्हतं. पण कुणाचं किती थकलंय हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बायको शेजारी बसलेली होती, भाकरी गावागावातून येत होती. तोट्याची लाज एकट्यानं गिळायची वेळ कुणावर आली नव्हती.

आजचा तोटा न्हाणीघरात कडी लावून बघितला जातो. आईचं गंठण गहाण पडलेलं असतं आणि आईला ते बँकेच्या लॉकरमध्ये आहे असं सांगितलेलं असतं. ॲपवरचं कर्ज दुसऱ्या ॲपवरून फेडलं जातं. माझ्या मते माणूस खचतो तो या लपवाछपवीनं. रक्कम गेलेली असते, ती गेली. ती रोज झाकायची, रोज नवं खोटं लक्षात ठेवायचं आणि ते उघडं पडायच्या आत 'रिकव्हर' करायचं, हे ओझं कुठल्याही प्राणायामानं उतरत नाही.

तेव्हा आधी उघडी पोझिशन बंद करा. मग ब्रोकरला सांगून खात्यावरचा एफ अँड ओ, म्हणजे वायदे-ऑप्शनचा विभागच बंद करून घ्या; शेअर आणि एसआयपी आहेत तसे राहतात. त्यानंतर वहीत सगळी देणी लिहा: ॲपची कर्जं, खाजगी सावकार, सोनेतारण, सोसायटी, मित्रांचे हातउसने. व्याजाचा दर समोर मांडा आणि सगळ्यात महाग कर्ज आधी फेडा. आणि ती वही त्याच रात्री घरातल्या एका माणसासमोर ठेवा. बायको, थोरला भाऊ, काका, कुणीही चालेल. प्राप्तिकराचं विवरणही भरा. ऑप्शनचा तोटा व्यवसायाचा तोटा धरला जातो आणि मुदतीत विवरण भरलं तर आठ वर्षं पुढे ओढता येतो. पगारदार मंडळी हे लपवायच्या नादात सोडून देतात आणि मग नोटीस येते.

घरच्यांना एकच विनंती. वही समोर आली की पहिला तासभर ओरडू नका. कुणाकुणाचं देणं आहे आणि कोण दारात येण्याची भीती आहे, एवढं विचारा. पोरगा जगण्याविषयीच वेडंवाकडं बोलत असेल तर त्याला त्या रात्री एकटं सोडू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. आपल्याकडे 'धारवाडला न्यायला हवं' हे थट्टेत म्हणतात. धारवाडची ती सरकारी मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दोन तासांच्या आत आहे. तिथं माणसं बरी होऊन कामावर परततात. दवाखान्यात जायचं तसं तिथं जायचं.