फोडलेली बाटली पुन्हा डोळ्याला लावू नका: हर्नडन परिसरातील मराठी कुटुंबांना आवाहन



डलेस विमानतळ आपल्या दाराशी आहे. पुण्या-मुंबईहून आलेली बॅग तासाभरात घरात उघडते आणि भाजणी, मेतकूट, गोडा मसाला यांच्यासोबत औषधांची पिशवीही बाहेर येते. त्या पिशवीत अनेकदा अँटिबायोटिक आय ड्रॉप्सची एखादी बाटली असते. इथे अमेरिकेत डॉक्टरची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, अर्जंट केअरचे बिल अंगावर येते, आई-बाबांच्या प्रवासी विम्यात काय बसते याची खात्री नसते. म्हणून ‘असू दे जवळ’ असे म्हणून ती आणलेली असते. ही अडचण खरी आहे आणि ती आम्हालाही ठाऊक आहे. तरीही कळकळीची विनंती आहे की ती बाटली आपल्या मनाने कोणाच्याही डोळ्यात घालू नका.

पहिले कारण दुखण्याचेच. डोळे येतात तेव्हा बहुतेक वेळा कारण विषाणू असतो आणि विषाणूवर अँटिबायोटिकचा काहीच उपयोग होत नाही. २०२३च्या जुलैमध्ये आळंदीत शाळकरी मुलांपासून सुरू झालेली डोळ्यांची साथ बघता बघता महाराष्ट्रभर पसरली. अशी साथ थोपवायला हात धुणे आणि टॉवेल-उशी वेगळी ठेवणे हेच कामी येते. डोळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप निवळतो आणि श्रेय मात्र बाटलीला जाते. मग तीच बाटली धाकट्याच्या, शेजारच्यांच्या, आजीच्या डोळ्यापर्यंत पोचते.

दुसरे कारण बाटलीवर अगदी बारीक अक्षरांत छापलेले असते: बेंझाल्कोनियम क्लोराइड. हे प्रिझर्व्हेटिव्ह आहे. बाटली एकदा फोडली की दर वेळी तिच्या तोंडाशी हवा, बोट, पापणी यांचा संबंध येतो. आत शिरलेले जंतू वाढू नयेत म्हणून ते घातलेले असते. जंतूच्या पेशीचे आवरण फोडून ते त्याला मारते. पण आपल्या अश्रूंवरचा तेलकट थर आणि बुबुळावरचे नाजूक आवरण यांनाही त्याचा त्रास होतो. चार-आठ दिवसांच्या उपचारात बहुतेकांना काही जाणवत नाही. महिनोन्महिने वापर झाला, किंवा दोन-तीन औषधांतून ते एकदम डोळ्यात जाऊ लागले, तर डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, लाल होतो. आणि ती लाली पाहून माणूस आणखी थेंब घालतो.

म्हणून घरी आलेल्या आजी-आजोबांकडे विशेष लक्ष द्या. त्यांच्यापैकी अनेकजण काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षे घेत असतात आणि त्यातल्या बऱ्याच औषधांत हेच रसायन असते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलेच, तर आधीच्या सगळ्या बाटल्या त्यांच्यापुढे ठेवा आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला पर्याय आहे का, असे स्पष्ट विचारा. मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक काही कंपन्यांचे या रसायनासह येते, काहींचे त्याशिवाय. नाव एकच असले तरी बाटली वेगळी असू शकते. दोन औषधांच्या थेंबांमध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्या. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे रसायन शोषून घेतात, आणि डोळ्यात संसर्ग असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत लेन्स घालायचीच नाही.

हे वाचून ‘प्रिझर्व्हेटिव्ह वाईट, त्याशिवायचे ते चांगले’ असा निष्कर्ष कृपया काढू नका. २०२३मध्ये याच देशात एझ्रीकेअर नावाच्या कृत्रिम अश्रूंमुळे काय झाले ते आठवा. हे थेंब चेन्नईच्या एका कंपनीत बनले होते आणि ऑनलाइन सहज मिळत होते. अनेकदा वापरायच्या बाटलीत ते पुरेशा प्रिझर्व्हेटिव्हविना भरल्याचे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने म्हटले. त्यांचा संबंध स्यूडोमोनास जंतूच्या अशा प्रकाराशी लागला, ज्यावर बहुतेक अँटिबायोटिक्स चालत नव्हती. १८ राज्यांत ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा डोळा काढावा लागला आणि चौघांचा मृत्यू झाला. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब घ्यायचे असतील तर एका वेळेपुरत्या छोट्या कुप्यांतले घ्या आणि कुपीत उरलेले फेकून द्या. प्रिझर्व्हेटिव्ह असलेली बाटलीही कायमची सुरक्षित नसते. भारतात मिळणाऱ्या बाटल्यांवर बहुधा फोडल्यानंतर महिनाभराची मुदत लिहिलेली असते. मागची छापील एक्सपायरी दोन वर्षे पुढची असली तरी ती बंद बाटलीची असते.

मुलांच्या पाणी घालून तयार करायच्या अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकचेही तसेच. अनेक कंपन्यांच्या औषधात सोडियम बेंझोएट हे प्रिझर्व्हेटिव्ह असते, तरी कालवल्यापासून १४ दिवसांनी उरलेले टाकायचे. पुढच्या तापासाठी फ्रीजमध्ये ठेवायचे नाही.

सगळ्यात जास्त भीती वाटते ती अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असलेल्या थेंबांची. बाटलीवर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन हा शब्द दिसला तर हात आवरा. नागिणीच्या जातीचा विषाणू डोळ्यात असेल, तर स्टेरॉइडने लाली उतरते आणि आत बुबुळ खराब होत राहते.

डोळा नुसता लाल झाला आहे, चिकटतो आहे, पण दुखत नाही आणि नीट दिसते आहे, तर आधी जवळच्या फार्मसीत जाऊन फार्मासिस्टशी बोला. त्याचे पैसे पडत नाहीत. डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल, लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल किंवा तान्ह्या बाळाचा डोळा चिकटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे दुखणे अंगावर काढायचे नाही. लहान मुलाने थेंब गिळले, तर १-८००-२२२-१२२२ या पॉयझन कंट्रोलच्या क्रमांकावर लगेच फोन करा. तो दिवसरात्र विनामूल्य चालतो.

या शनिवार-रविवारी घरातले औषधांचे खण एकदा रिकामे करून पाहा. फोडून महिना उलटलेल्या, कोणाच्या ते न आठवणाऱ्या, लेबल पुसट झालेल्या बाटल्या बाजूला काढा. सिंकमध्ये ओतू नका. बऱ्याच फार्मसींत जुन्या औषधांची पेटी असते, आणि एप्रिल व ऑक्टोबरच्या अखेरीस देशभर औषधे परत घेण्याचा दिवस असतो. तोवर थांबायचे नसेल तर औषध वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यात मिसळा, पिशवी घट्ट बांधा आणि कचऱ्यात टाका. लेबलवरचे आपले नाव-पत्ता आधी खोडा.