जुन्या जर्मन मोटारीची मालकी

पुण्याची वा मुंबईची नोंदणी दर्शविणारी पाटी तशीच ठेवून कृष्णाकाठी वास्तव्यास आलेली बीएमडब्ल्यू थ्री सीरीज किंवा ऑडी ए-फोर साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अथवा सांगलीच्या विश्रामबागेत दिसली, तर आता कोणी मान वळवून पाहत नाही, इतकी ही वाहने आपल्या परिचयाची झाली आहेत. नवी असताना ४० लाखांच्या घरात असल्यामुळे जी मोटार तासगावच्या द्राक्षबागायतदाराला, सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला किंवा कऱ्हाडच्या डॉक्टरला अप्राप्य होती, ती आठ-दहा वर्षांनी १०-१२ लाखांत मिळू लागली आहे. हा सारा मोठेपणा मिरविण्याचा सोस आहे असे म्हणून त्याची हेटाळणी करणाऱ्यांशी माझे एकमत नाही. अशी मोटार अवश्य घ्यावी, आणि घेतली तर ती सणावारापुरती झाकून न ठेवता रोज चालवावी, असे मला मनापासून वाटते. मात्र ती घेताना खरेदीदार जी बेफिकिरी दाखवतो, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक झाले आहे.

या मोटारीचे आकर्षण निराधार नाही. थ्री सीरीजमध्ये इंजिनाची शक्ती मागील चाकांकडे जाते, पुढील चाकांवर केवळ दिशा देण्याचे काम राहते, आणि वजन दोन्ही आसांवर जवळजवळ समसमान वाटले जावे यासाठी बॅटरीसुद्धा मागे डिकीत ठेवलेली असते. त्यामुळे यवतेश्वराचा घाट चढून कासकडे जाताना वळणावळणावर चाकांची रस्त्यावरील पकड सुकाणूतून हातापर्यंत जशी पोचते, तशी ती याच किमतीच्या नव्या गाडीत क्वचितच अनुभवास येते. साताऱ्याहून सांगलीस जाण्याचा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास ज्याला वारंवार करावा लागतो, त्याला गळीत हंगामात, रात्रीच्या वेळी, मागे दिवा नसलेली उसाची जोडट्रॉली अकस्मात समोर येते म्हणजे काय होते, हे ठाऊक असते. आणि अशा प्रसंगी भक्कम ब्रेक व स्थिर सांगाडा यांची किंमत कोणत्याही हिशेबवहीत मांडता येत नाही.

हिशेब चुकतो तो निराळ्या ठिकाणी. मोटारीची किंमत वयानुसार उतरते, पण तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. १२ लाखांना घेतलेल्या गाडीची दुरुस्ती ४० लाखांच्या गाडीच्या दरानेच होते. २००७ ते २०११ या काळातील बीएमडब्ल्यूच्या दोन लिटर डिझेल इंजिनाची टायमिंग चेन हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ही साखळी इंजिनाच्या मागील अंगास, गिअरबॉक्सच्या बाजूला बसविलेली असल्यामुळे ती झिजली की इंजिनच खाली उतरवण्याची वेळ येते, आणि तुटली तर इंजिन कामातून जाते. गिअरबॉक्समधील तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही असे विक्रेता सांगतो. परंतु तो गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ कंपनी मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. तेव्हा खरेदीच्या किमतीच्या किमान एक-पंचमांश इतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला काढून ठेवण्याची ऐपत नसेल, तर व्यवहाराच्या वाटेस जाऊ नये, असे माझे मत आहे. अनेक बीएमडब्ल्यू मोटारींत स्टेपनी नसते, हेही खरेदीपूर्वी पाहावे. शेंद्रे ते कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर टायरची कड फुटली, तर जवळच्या पंक्चरवाल्याच्या हाती काही उरत नाही.

इंधनाचा प्रश्न तर आपल्या जिल्ह्यांच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. कृष्णाकाठच्या उसापासून निघणारे इथेनॉल आज २० टक्के प्रमाणात पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि त्याने कारखानदारीला आधार मिळतो, याचे मला समाधान आहे. परंतु आठ-दहा वर्षांपूर्वीच्या बहुतेक युरोपीय पेट्रोल इंजिनांसाठी उत्पादकांनी १० टक्क्यांचीच मर्यादा घातलेली होती. अशी मोटार महिनोन्‌महिने उभी ठेवली तर असे इंधन टाकीत ओलावा शोषीत राहते. ती नित्य चालती ठेवावी, हा माझा आग्रह काही अंशी यासाठीही आहे.

आपल्याकडे अर्धा एकर जमीन घेताना सातबारा पाहिला जातो, फेरफार तपासला जातो, इतर हक्कांत कोणाचा बोजा आहे काय याची तलाठ्याकडे चौकशी होते, आणि मगच इसार दिला जातो. तोच गृहस्थ १२ लाखांची मोटार मात्र एका संध्याकाळी एक चक्कर मारून घेतो. वास्तविक दस्तऐवजांचे महत्त्व येथेही तितकेच आहे. कर्ज फिटले असले तरी नमुना ३५ दाखल होऊन बोजा उतरल्याची नोंद झाली आहे ना, हे पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यांतर्गत विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यावयाची असते, आणि ती न दिल्यास अपघाताच्या नुकसानभरपाईचे दायित्व नोंदीतील मालकावरच राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात दिलेला आहे. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले असल्याने दिल्लीकडील मोटारीही इकडे येतात. दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर तेथे आलेल्या निर्बंधांमुळे त्या स्वस्त मिळतात, हे खरे. पण तेथील नाहरकत दाखला, येथील नवी नोंदणी आणि येथील कर यांचा खर्च धरला म्हणजे स्वस्ताईचा बराच भाग विरून जातो.

या सर्वांहून गंभीर बाब पुराची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ, जेथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे, तेथे कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली, आणि जुलै २०२१ मध्ये नदी पुन्हा शहरात शिरली. अशा वेळी दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्णहानी ठरते, भरपाई दिली जाते, आणि बुडालेली गाडी भंगाराच्या भावाने दुसऱ्याच्या हाती जाते. तीच पुढे धुऊन, पुसून, नवे गालिचे घालून परजिल्ह्यात विकली गेली, तर नोंदणी प्रमाणपत्र वाचून खरेदीदाराला त्याचा मागमूस लागत नाही. जर्मन मोटारीत तर नियंत्रक संगणक आसनांखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या तळाशी असतात. पाण्याने खाल्लेली त्यांची जोडणी दोन-तीन वर्षांनी, भर महामार्गावर दगा देते. म्हणून सीटबेल्ट पूर्ण लांबीपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे, आसनाच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत काय ते तपासावे, आणि संगणकाने साऱ्या नियंत्रकांची तपासणी करून देणाऱ्या कारागिराला त्याचा मेहनताना देण्यात कसूर करू नये.

परंतु एकट्या खरेदीदाराच्या सावधपणावर हा प्रश्न सोडणे अन्यायाचे आहे. वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवावे, असे कलम ५५ सांगते. त्याचप्रमाणे विमा कंपनीने पूर्णहानी म्हणून भरपाई दिलेल्या प्रत्येक वाहनाच्या नोंदीवर तसा कायमचा शेरा पडावा आणि तो कोणासही वाहन क्रमांक घालून विनाशुल्क पाहता यावा, अशी तरतूद शासनाने करावी. सातारा व सांगलीच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी परिवहन खात्याकडे लेखी स्वरूपात मांडावी, आणि ती पुढील पावसाळ्यापूर्वी मांडावी.