गंजावरचा रंग म्हणजे खोटा रिपोर्ट

मुक्काम पोस्ट पावर हाउस, भिलाई. नाव ऐकून गावाकडचे विचारतात, वीजकेंद्रावर ड्युटी लागली का? नाही. पावर हाउस हा इथला गजबजलेला बाजार, आणि त्याच नावाचं रेल्वे स्टेशन. जी. ई. रोडवरून एका अंगाला नागपूर, दुसऱ्या अंगाला रायपूर. नंदिनी रोडला वळलं की ट्रक, टायरवाले, वेल्डिंगवाले. 1959 साली इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव पोलादावर जगतं. आणि जिथे लोखंड तिथे गंज. कोळशाच्या धुरातला गंधक पावसाळी ओलाव्याशी मिळाला की त्याचं आम्ल होतं आणि ते पत्रा खातं.

इथला डेंटर जुन्या ट्रकची केबिन बघितली की आधी एकच गोष्ट विचारतो: गाडी ठेवायची आहे की विकायची? विकायची असेल तर लांबी भरायची, घासायची, वर रंग. काम लवकर मोकळं. ठेवायची असेल तर पत्रा कापावा लागतो, आणि त्याला दिवस लागतात.

मित्रहो, हाच प्रश्न आपल्यालाही कोणीतरी विचारायला हवा.

शक्तिमान आठवतो ना? जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर 1959 पासून जबलपूरला बनायला लागला, 1996 मध्ये उत्पादन थांबलं. 71 च्या लढाईत तो होता. आपल्यातले कितीतरी जण त्याच्या मागच्या फाळक्यावर धूळ खात रेंजवर गेले. आता तो कुठे कुठे दारात चौथऱ्यावर उभा दिसतो. 26 जानेवारी जवळ आली की ऑलिव्ह ग्रीनचा डबा येतो, टायरला काळा रंग, चौथऱ्याला गेरू-चुना, पुढे फोटो. याला देखभाल म्हणतात. माझं म्हणणं आहे, हा खोटा रिपोर्ट आहे. आणि नुसता खोटा नाही, नुकसान करणारा आहे.

कसं ते सांगतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून तो खालून रंगाला उचलतो आणि फोड येतो. फोड दिसला म्हणजे आतलं काम कधीच सुरू झालेलं असतं. त्याच्यावर हात मारला की फोड झाकतो, गंज नाही. केबिनमध्ये पाणी शिरतं काचेच्या रबराखालून, छताच्या पन्हळीतून, दाराच्या काचेच्या फटीतून. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. दरवर्षी एक थर चढवा, पाच-सात वर्षांत ती भोकं बुजतात. मग दार म्हणजे पाण्याची टाकी. म्हणजे ज्या रंगाने पत्रा वाचायचा, तोच त्याला आतून बुडवतो.

उभ्या ट्रकचं दुखणं चालत्या ट्रकपेक्षा मोठं. चालत्या गाडीत इंजिनाच्या उबेने केबिन सुकते, ड्रायव्हर रोज दार उघडतो, फर्स्ट परेड आणि लास्ट परेडला कोणीतरी खाली वाकून बघतं. चौथऱ्यावरच्या गाडीला ना ऊब, ना परेड. रबरी मॅटखालचा फ्लोअर अख्खा पावसाळा ओला राहतो.

मग करायचं काय? जे नंदिनी रोडवर ठेवायच्या गाडीला करतात तेच. मॅट काढा, काचेचं रबर काढा. स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. जिथे तो आत जातो तिथे पत्रा नाही, फक्त रंग आहे. चांगला पत्रा लागेपर्यंत कापा. त्याच जाडीचा तुकडा बसवा. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून वाकतो. लांब लांब टाके घ्या, मग मधले भरा. मागच्या बाजूचा रंग जळतो, तीही बाजू साफ करून प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी उघड्यावर सोडू नका, तो ओल धरतो. एपॉक्सी प्रायमर आणि वर टॉप कोट हवा. सांधे सीलरने बंद करा. बंद पोकळीत कॅव्हिटी वॅक्स सोडा. गंज मारायचं फॉस्फोरिक ॲसिडवालं औषध वरवरच्या गंजाला ठीक, पापुद्रे सुटलेल्या पत्र्याला नाही. आणि गंजावर डांबर फासणं म्हणजे ओल कुलूपबंद करणं.

यावर दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, बजेट नाही. दाराची भोकं तारेने मोकळी करायला कसलं बजेट? अर्धा तास आणि एक तार. मॅट उचलून उन्हात टाकायला मंजुरी लागते का? उलट दरवर्षीच्या रंगाचे पैसे एकदा पत्र्यावर घातले तर पुढची कित्येक वर्षं निघतात.

दुसरं उत्तर जास्त झोंबतं: शोभेचीच तर गाडी आहे. शोभेची? मग तिच्यापुढे सॅल्यूट कशाला? नंदिनी रोडचा मालक ट्रकला सॅल्यूट करत नाही, त्याचा हप्ता त्या ट्रकवर चालतो, म्हणून तो पत्रा कापतो. आपण मान देतो आणि लांबी भरतो. ज्या पोराला आपण चौथऱ्याजवळ उभं करून इतिहास सांगतो, त्याने दाराला हात लावल्यावर हिरवा पापुद्रा आणि लाल भुगा हाती आला, तर तो कोणता इतिहास शिकला?

म्हणून माजी सैनिक संघटनांना माझं सांगणं: गाडी मागताना, चौथरा बांधताना, आधी ठरवा की वर्षातून दोनदा खाली कोण वाकणार. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. वर पत्र्याचं शेड घाला. आणि रिपोर्टला बॉनेटचा फोटो लावू नका, फ्लोअरचा आणि दाराच्या तळाचा लावा. तो फोटो दाखवायची लाज वाटत असेल, तर यंदा रंगाचा डबा उघडू नका. आधी ग्राइंडर आणा.

जय हिंद.