‘डिड नॉट केम’ : लाल गोल करण्याआधी



‘आय डिड नॉट वेंट टू स्कूल.’ पाचवीच्या वह्या तपासणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य भेटलेलं आहे. आपण ‘वेंट’भोवती लाल गोल करतो, बाजूला ‘गो’ लिहितो आणि खाली शेरा देतो, ‘पाच वेळा लिहा’. मुलं पाच वेळा लिहितात आणि पुढच्या चाचणीत तेच वाक्य परत येतं. मग आपण म्हणतो, कितीदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही.

मीही अनेक वर्षं हेच म्हणत होते. आता माझं मत वेगळं आहे. ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती मुलांच्या मराठीतून येते, आणि ती दुरुस्त करायची असेल तर इंग्रजीच्या तासाला मराठीची मदत घ्यायलाच हवी.

मत बदललं ते एका वहीमुळे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांना सुट्टीबद्दल पाच वाक्यं लिहायला दिली होती. वर्गातल्या एका मुलीचे वडील उसाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. तिने लिहिलं, ‘माय फादर डिड नॉट केम.’ मी सवयीने ‘केम’ला गोल केला आणि पाच वेळा लिहायला सांगितलं. नंतर चाचणीत तोच विषय आला, तेव्हा तिने लिहिलं, ‘माय फादर केम.’ मी खूश होऊन बरोबरची खूण केली. वही देताना सहज विचारलं, “अगं, मग आले होते का पप्पा?” ती म्हणाली, “नाही मॅडम. पण नॉट लिहिलं की चुकतं.”

व्याकरण बरोबर यावं म्हणून तिने खरी गोष्टच बदलली होती, आणि मी तिला त्याचे गुण दिले होते. आपल्या लाल गोलांमुळे मुलं नियम शिकतात की फक्त अवघड वाक्य टाळायला शिकतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

चूक येते कुठून?

मराठीत आपण म्हणतो, ‘पप्पा आले’. नकार द्यायचा झाला की ‘पप्पा आले नाहीत’. क्रियापद भूतकाळातच राहतं आणि पुढे फक्त ‘नाही’ येतं. मुलगी डोक्यात शब्दाला शब्द लावते. आले म्हणजे ‘केम’, नाहीत म्हणजे ‘डिड नॉट’. झालं वाक्य तयार. त्यात ‘गो-वेंट-गॉन’, ‘कम-केम-कम’ हा तक्ता आपणच पाठ करून घेतलेला असतो आणि बजावलेलं असतं, भूतकाळ असेल तर दुसरं रूप वापरा. म्हणजे तिने आपलं ऐकलं म्हणून ती चुकली!

गंमत म्हणजे एकेकाळी इंग्रजीही असंच चालायचं. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘आय वेंट नॉट’ ही रचना चुकीची नव्हती, आपल्या ‘मी गेलो नाही’सारखीच. पुढे ‘डिड’ मदतीला घेण्याची पद्धत पक्की झाली. त्यामुळे मुलांच्या वाक्यामागे तर्क नाही असं समजू नका. फक्त तो आजच्या इंग्रजीचा तर्क नाही.

वर्गात काय करता येईल?

मी फळ्यावर लिहिते, ‘तू गेलास’. मुलांना म्हणते, आता याला नाही म्हणा. सगळे ओरडतात, “तू गेला नाहीस!” मग विचारते, ‘गेलास’मधला ‘स’ कुठे गेला? थोडा वेळ शांतता, आणि मग कोणीतरी म्हणतं, “नाहीकडे गेला मॅडम!” मी मुद्दाम म्हणते, ‘तू गेलास नाहीस’. वर्ग हसतो. का हसलात? दोनदा ‘स’ कशाला, एकदा लावला की झालं!

बस्स, हाच नियम. इंग्रजीत भूतकाळाची खूण एकदाच लावायची. ‘डिड’ आला की ती खूण त्याने उचलली, मग ‘वेंट’ला पुन्हा ‘गो’ होऊ द्यायचं. ‘डिड नॉट वेंट’ म्हणजे ‘गेलास नाहीस’. हे एकदा कळलं की मुलं एकमेकांच्या वहीतलं ‘गेलास नाहीस’ शोधायला लागतात.

शिक्षकांसाठी एक सूचना. हे साम्य पूर्ण नाही. मराठीत ‘तू’ची खूण सरकते, भूतकाळ मात्र ‘गेला’मध्येच राहतो. इंग्रजीत भूतकाळच सरकतो. म्हणून याला पुरावा न समजता फक्त पायरी समजा. आणि तुमच्याकडची मुलं बोलताना ‘तू गेला’ असंच म्हणत असतील, तर ‘ते जातात – ते जात नाहीत’ ही जोडी घ्या.

पुढच्या पायऱ्या अशा घेते :

१. प्रश्न. मराठीत ‘तू गेलास’च्या मागे ‘का’ लावला की प्रश्न होतो. इंग्रजीत ‘डिड’ पुढे येतो आणि खूण इथेही त्याच्याकडेच राहते : ‘डिड यू गो?’

२. ‘डिड नॉट डू’. ‘मी अभ्यास केला नाही’ याचं मुलं ‘आय डिड नॉट होमवर्क’ करतात, कारण त्यांच्या मते ‘डिड’ म्हणजे केला, तो तर आलाच. इथे सांगावं लागतं की हा ‘डिड’ मदतनीस आहे, काम करणारा ‘डू’ वेगळा लिहायचा.

३. ‘वॉज’ आणि ‘वेअर’. यांना मदतनीस लागत नाही. मराठीत ‘नव्हतो’, ‘नव्हते’ हा शब्द वाक्यात एकटाच असेल, जसं ‘मी घरी नव्हतो’, तर बहुतेक वेळा ‘डिड’ला बोलवायचं नाही : ‘आय वॉज नॉट ॲट होम.’

४. फसवी क्रियापदं. ‘कट’, ‘पुट’ यांची रूपं बदलतच नाहीत. ‘रीड’चा भूतकाळातला उच्चार बदलतो, पण स्पेलिंग तेच राहतं. ‘डिड नॉट कट’ हे सगळ्यांचंच बरोबर येतं, त्यावरून मुलांना नियम समजला असं धरू नका. तपासायचं असेल तर ‘गो’, ‘कम’, ‘ईट’, ‘सी’, ‘ब्रिंग’ द्या.

आणि मुलांना एक चांगली बातमी जरूर सांगा. ‘आय’ असो, ‘शी’ असो की ‘दे’, ‘डिड’ सगळ्यांना एकच चालतो.

“इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला?”

हा आक्षेप मला माहीत आहे. इंग्रजी जितकं कानावर पडेल तितकं चांगलं, हे मलाही मान्य आहे. गोष्टी, सूचना, गाणी इंग्रजीतच व्हावीत. पण आपल्या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि तरीही खेड्यातल्या मुलाच्या कानावर शाळेबाहेर इंग्रजी फारसं पडत नाही. नुसतं ऐकून नियम आपोआप उमगावा इतकं इंग्रजी त्याच्या आसपास नाहीच. मग त्याच्याजवळ जी भाषा भरपूर आहे तिची दोन मिनिटं मदत घेण्यात कमीपणा कसला? आपण मराठी बंद ठेवली तरी मुलाच्या डोक्यात ती चालूच असते. तिथूनच तर ‘डिड नॉट केम’ येतं.

पालकांनाही एक विनंती. वहीत लाल गोल दिसला की लगेच “एवढं साधं येत नाही?” असं म्हणू नका. आधी वाक्य वाचा. मूल काय सांगतंय ते विचारा. मग मराठीत तेच वाक्य म्हणायला लावा आणि खूण कुठे सरकली ते त्यालाच शोधू द्या. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी हे जमेल.

मी आता वही तपासताना एक बदल केला आहे. आधी वाक्याला उत्तर देते आणि मग चुकीवर येते. त्या मुलीच्या वहीत मी उशिरा का होईना लिहिलं, ‘व्हेन डिड ही कम?’ खाली तिचं उत्तर आलं, ‘ही डिड नॉट कम. ही विल कम इन उन्हाळा.’

‘उन्हाळा’ला मी गोल केला नाही. तो शब्द पुढच्या तासाला शिकवला.