मिठीत लाट कधी?

जर्मनीतल्या म्युनिक शहरात इझार नदीच्या पाण्यावर वाहणारा आइसबाख नावाचा कालवा आहे. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी पोरं तिथे फळी घेऊन लाटेवर उभी राहत आली आहेत. वेगाने येणारं पाणी तळाच्या अडथळ्यावरून उसळतं, लाट जागेवरच राहते. माणूसही तिथेच, पाणी तेवढं खालून पळतं. बंदी असताना हे वर्षानुवर्षं चाललं, २०१० मध्ये परवानगी मिळाली.

विलेपार्ल्यात बसून मला यात खेळापेक्षा पाणी दिसतं. आमच्या शेजारी, विमानतळाच्या धावपट्टीखालून मिठी वाहते. उर्दूत मीठी म्हणजे गोड, मराठीत मिठी म्हणजे आलिंगन. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याने मुलांना कोणता अर्थ सांगावा? मुलं तिला सरळ नाला म्हणतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ती नदी आहे हे शहराला आठवलं. त्यानंतर चर्चा गाळाची आणि भिंतींची. पुरापासून बचाव हवाच, कुर्ल्यात काठावर राहणाऱ्यांना विचारा. पण पाणी अंगाला लागलं तरी चालेल असं असावं, ही मागणी क्वचितच ऐकू येते.

इझारही सांडपाणी झेलतेच. म्युनिकने २००० ते २०११ या काळात तिचा आठ किलोमीटरचा पट्टा मोकळा केला, काठ उतरते केले; वरच्या गावांत शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर अतिनील किरण सोडून जंतू मारले जातात.

आज मिठीत कुणी फळी घेऊन उतरायला निघालं तर मीच हात धरून मागे ओढेन. लेप्टोचा ताप थट्टा नाही. मात्र किती टन गाळ काढला हा हिशेब मला पुरत नाही. पोर पाण्यात कधी उतरू शकेल, हे मी मत मागायला येणाऱ्याला विचारणार आहे.