सब घोडे बारा टक्के

परवा शनिवारी पहाटे पुण्याहून ट्रॅव्हल्सनं अहमदपूरला उतरलो. घरात शिरलो तर आई गुडघ्याला तेल चोळत बसलेली. म्हटलं, "आज योगाचा क्लास नाही का?" (दोन महिन्यांची फी मीच पुण्यातून मोबाईलवरून भरली होती, त्यामुळे आवाजात जरा मालकी होती.)

"सोडला बाबा," आई म्हणाली. "वज्रासनात बसा म्हणायलेत. गुडघ्यातून कळ निघायली म्हणलं, तर म्हणले, मावशी, मनाची तयारी पाहिजे. आता मनाला काय झालंय? दुखायलाय गुडघा!"

रविवारी सकाळी स्वतःच जाऊन बघितलं. मंगल कार्यालयाचा हॉल, पन्नासेक माणसं. पुढे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, मध्ये दुकानदार आणि रिटायर्ड गुरुजी, मागे आईच्या वयाच्या बायका आणि एक गरोदर मुलगी. स्टेजवर शिक्षक, हातात माईक. सगळ्यांना तेच आसन, तोच वेग, तेच आकडे. तासाभरात शिक्षक एकदाही स्टेजवरून खाली उतरले नाहीत. सब घोडे बारा टक्के!

स्पष्टच लिहितो. याला शिकवणं म्हणत नाहीत, ही कवायत झाली. कवायतीत सगळ्यांचे हात एकदम वर जाणं महत्त्वाचं. शिकवण्यात, ज्याचा हात वर जात नाही त्याचा तो का जात नाही, हे बघणं महत्त्वाचं. आमच्या धंद्यात एक बदनाम वाक्य आहे, "माझ्या मशीनवर तर चालतंय!" बग सापडला की कोड लिहिणारा हमखास हेच म्हणतो, आणि टेस्टर कपाळावर हात मारून घेतो. स्टेजवरचा लवचिक माणूस वेगळं काय म्हणत असतो? फरक इतकाच, की इथं क्रॅश होतो तो आईचा गुडघा, आणि दोष जातो तिच्या मनाला.

गंमत पुढेच आहे. 21 जूनच्या योग दिनासाठी आयुष मंत्रालयाची जी पुस्तिका आहे, तिच्यात आसनांसोबत सावधगिरीच्या सूचनाही छापलेल्या आहेत. गुडघे दुखत असतील तर वज्रासन टाळा. हृदयविकार, मणक्याचा त्रास, हर्निया असेल किंवा गरोदरपण असेल तर पादहस्तासन करू नका. म्हणजे सगळ्यांना एकच अभ्यासक्रम देणारं सरकारसुद्धा म्हणतंय की सगळ्यांना सगळं नको! आकडे मोजता मोजता त्या दोन ओळी माईकवर वाचायला असा किती वेळ लागतो?

"एकेकाकडे बघणं शक्य नाही हो," असं म्हणणाऱ्यांसाठी बी. के. एस. अय्यंगारांचं उदाहरण पुरे आहे. 1937 साली ते पुण्यात शिकवायला आले तेव्हा विशीचेही नव्हते. लहानपण मलेरिया, टायफॉइड, क्षय यांत गेलेलं. न ऐकणारं शरीर म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. मॉडेल कॉलनीत 1975 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत दोर, पट्टे, लाकडी विटा, लोड आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या दिसतात. रुग्णांसाठी वेगळे वर्ग भरतात. एकच आसन, पण एक जण मोकळा उभा, दुसरा भिंतीला पाठ लावून, तिसरा खुर्चीच्या आधारानं. 1979 मध्ये स्कूटरच्या अपघातात ते स्वतः जखमी झाले, तेव्हा हेच आधार त्यांच्याही कामी आले. शिस्तीला माणूस भयंकर कडक. पण ओरडायचे तेही समोरच्याच्या शरीराकडे बघून! जग त्यांना 'लाइट ऑन योगा'मधल्या अवघड आसनांच्या फोटोंमुळे ओळखतं. मला विचाराल तर त्यांचं खरं मोठं काम त्या घडीच्या खुर्चीत आहे.

आता हरकती येतील, त्या आधीच घेतो.

एक, "सामूहिक योग ही आपली जुनी परंपरा आहे." आहे की! लोणावळ्याला 1924 मध्ये कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनीच सामूहिक यौगिक व्यायाम बसवले. पण ते शाळेतल्या मुलांना डोळ्यासमोर ठेवून. रुग्णांसाठी त्यांच्याकडे वेगळी योगचिकित्सा होती. मधुमेहाच्या मावशी आणि भरतीचा पोरगा एका रांगेत उभे करणं, ही परंपरा नाही, सोय आहे. शिक्षकाची.

दोन, "टेकू घेतला की तो योग कसला?" पतंजलींनी आसनाला अटी दोनच घातल्यात, ते स्थिर असावं आणि सुखाचं असावं. भिंतीला हात लावू नये, असं काही ते म्हणालेले नाहीत.

तीन, "पुण्यात ठीक आहे, गावात एवढं सामान कुठून आणायचं?" मंगल कार्यालयात प्लॅस्टिकच्या खुर्च्या शंभर असतात. पट्ट्याऐवजी जुनं सुती लुगडं, लोडाऐवजी गुंडाळलेली वाकळ. भिंत तर फुकटच. कमी आहे ती सामानाची नाही, खाली उतरून विचारण्याची. दोन वर्षांपूर्वी माझी कंबर धरली तेव्हा पुण्यातल्या एका बाईंनी पहिल्या दिवशी एकही आसन घेतलं नव्हतं. नुसतं विचारत होत्या. काय दुखतं, कधीपासून, कोणती गोळी चालू आहे. मला वाटलं, पैसे वाया गेले. आता कळतं, शिकवणी तिथूनच सुरू झाली होती.

आणि हो, शिक्षकाला सोलून झालं, आता स्वतःकडे. आपण पुण्या-बंगळुरात बसून आईबापांना योगाच्या लिंका पाठवतो, फी भरतो आणि कर्तव्य संपलं म्हणतो. एक साधा रिचार्ज करताना दहा प्लॅन ताडून बघणारा मी, क्लासला एक फोन केला नाही. पुढच्या वेळी फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. एका वर्गात किती जण? आजारांची विचारपूस करता का? आणि एखाद्याला आसन जमलं नाही तर त्याला काय देता? तिसऱ्याचं उत्तर "सरावानं जमेल" असं आलं, तर फोन ठेवून द्या.

असो. त्या पुण्याच्या बाईंना फोन लावून दिला. त्यांनी अर्धा तास आईची चौकशी केली आणि मोजकंच सांगितलं. खुर्चीत बसून काय करायचं, भिंतीला हात टेकून काय, आणि शवासनात गुडघ्याखाली वाकळ. काल फोनवर विचारलं, कसं चाललंय?

"चालू हाय की. फक्त ती खुर्ची जागेवर ऱ्हाईना गेली. कुणी आलं की तुझे बाबा उचलून बाहेर न्यायलेत."